जवळच्या माणसाचा रकाना

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये कम्प्युटरची पूजा होते. मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं मशीन, फ्रीज, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू, आणि मॉनिटरला झेंडूचा हार. स्वस्तिक तर थेट काचेवरच काढतात. मी दरवर्षी ओरडते, "अहो, काचेवर नको, डाग राहतो," आणि दरवर्षी डाग पुसत बसते मीच. मी तिथली कम्प्युटरवाली. लॅब सोलापुरात, मधल्या आकाराची. वैराग, कुर्डुवाडी, अक्कलकोट अशा ठिकाणी तिची छोटी केंद्रं आहेत. तिथून रोज रक्ताच्या नळ्यांचे डबे येतात. ज्यांचं ते रक्त, त्या माणसांची नावं, पत्ते, आजार, सगळं एका डेटाबेसमध्ये साठतं, आणि तो डेटाबेस सांभाळायचं काम माझं.

काही वर्षांमागच्या खंडेनवमीला आमच्या डॉक्टरसाहेबांना हौस आली. लॅबचे मालक तेच. माणूस चांगला, पण हातात फोन आला की लहान पोर होतो. हार घातलेल्या कम्प्युटरचा त्यांनी फोटो काढला, खाली "आमची शस्त्रं" असं लिहिलं आणि स्टेटसला टाकला. फुलं सुरेख आली होती. फुलांच्या मागं स्क्रीन चालू होता आणि त्यावर त्या दिवसाची पेशंटांची यादी होती. नाव, गल्ली, तपासणी, निकाल. मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली, तीही आली. पासवर्ड म्हणजे ग्रामदैवताचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सगळ्या लॅबला मिळून एकच. कुणी विसरू नये म्हणून देवाचं नाव ठेवलं होतं!

दसरा झाला आणि एक बाई काउंटरवर येऊन उभी राहिली. शहराच्या पूर्व भागातली, टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, घरात तेलुगू बोलणारी. ती भांडायला आलेली नव्हती. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा रिपोर्ट मला संध्याकाळी भेटला. आमच्या गल्लीला सकाळीच भेटला होता." तिला टीबी निघाला होता. औषधानं बरा होणारा आजार तो. पण गल्लीत कुणीतरी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला, आणि ज्या नळावर ती इतकी वर्षं पाणी भरत होती तिथं बाया तिला म्हणायला लागल्या, तू शेवटी भर. काउंटरवरची मुलगी खाली मान घालून रडायला लागली. डॉक्टरसाहेब केबिनमधून बाहेरच आले नाहीत. त्या बाईला खुर्ची कुणी दिली नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

मग मी हट्टाला पेटले. हट्ट म्हणजे काय ते लॅबला तेव्हा कळलं. सगळ्यांना आपापला वेगळा पासवर्ड. नळीवर नाव नाही, फक्त पट्ट्यापट्ट्यांचा नंबर. निकाल एकीकडं, माणसाची ओळख दुसरीकडं, आणि ओळख तिथं अशी साठवायची की चोरून कुणी बघितलीच तर निव्वळ गिचमिड दिसावी. ती गिचमिड उलगडायची किल्ली दोन भागांत, एक डॉक्टरांकडं, एक माझ्याकडं. एकट्यानं उघडता येणार नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. कुणी काय उघडलं, कधी उघडलं, कशासाठी उघडलं, त्याची नोंद आपोआप होणार. ज्या केंद्रावर पेशंट आला तिथल्या माणसाला त्याच्यापुरतं दिसणार. पेशंटला रिपोर्ट मिळणार. बाकी कुणाला काही नाही.

एका रकान्यावरून मात्र वाद झाला. पेशंटचा फोन लागला नाही तर कळवायचं कुणाला, म्हणून आम्ही जवळच्या माणसाचं नाव आणि नातं विचारतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो, ते कशाला झाकताय? तो माणूस काय आजारी आहे का?"

मी म्हटलं, "साहेब, मला नवऱ्याचं नाव सांगा, मी घर दाखवते. हे सोलापूर आहे. हितं माणूस नातेवाइकावरनं ओळखतात."

सॉफ्टवेअरवाला पुण्याचा. तो फोनवर हसला आणि म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी करत नाही." मी म्हटलं, "मग आपण करू." तो रकानाही मी कुलपात घातला. पेशंटचा फोन लागलाच नाही तरच तो उघडायचा, तोही डॉक्टर आणि मी असं दोघांनी बसून. त्या दिवशी मला स्वतःचा लई अभिमान वाटला होता.

लॅबमधल्यांनी माझं नाव कुलूपबाई ठेवलं. ठेवू देत. पण कुलूप लावल्यावर एक कळलं, की आपल्याकडं माणसांना दार बंद असल्याचा राग येत नाही, ओळखीच्या माणसानं बंद ठेवल्याचा येतो. जुळे सोलापूर या उपनगरात मी राहते त्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. रोज दारात थांबून बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्या सुनेनं तुमच्याकडं कसली तरी तपासणी केलीय, आम्हाला सांगत नाही, जरा बघ की." मी कानावर हात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार मी जिना उतरायला लागले की बंद व्हायचं. जरा बघ की! हे तीन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की कुणी "जरा" म्हणालं तरी माझ्या कपाळाला आठी पडते.

पण काकूंचं काही नाही. माझं सगळं अडलं ते अक्कापाशी.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, आणि अक्काचं नुकतंच लग्न झालेलं, आमच्या वैरागमध्येच, दोन गल्ल्या सोडून. सकाळी सासरचं झाडलोट करून ती यायची, माझी वेणी घालायची, करकचून घालायची, मी बोंबलायचे, आणि शाळा सुरू झाल्यावर तशीच बोटाला धरून तिथं सोडून यायची. पुढं मला सोलापूरला कम्प्युटर शिकायला पाठवायचं म्हटल्यावर तिच्या सासरच्यांनी नाकं मुरडली, "तुझ्या बहिणीचं तू किती दिवस बघणार?" तर ती म्हणाली, "म्या मरंपतूर." एवढंच. माझं लग्न राहून गेलं. का राहिलं ते मला विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. वडील गेले, भाऊ नव्हताच. माणूस म्हणून जे काही होतं ते अक्काच. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. "बारके, काय करायलीस? जेवलीस का?" मी पन्नाशीला टेकले तरी तिची बारकीच.

एक दिवस ती न सांगता आली. एसटीनं आली, रिक्षानं जुळे सोलापूर गाठलं, आणि दारात पिशवी ठेवून तिनं आधी माझ्या ओट्यावर एक बोट फिरवून बघितलं. पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. मी चहा टाकला.

"बारके, एक काम हाय."

"बोल की."

"तुज्या त्या कम्प्युटरात एक नाव बगायचं."

भाचीला स्थळ आलं होतं. मुलगा कुर्डुवाडीचा, रेल्वेत नोकरीला, घर चांगलं, माणसं शांत. सगळं जुळत होतं. पण कुणीतरी अक्काच्या कानात सोडलं होतं की मागल्या वर्षी पोरगा एकदम वाळला होता आणि सोलापुरात आमच्या लॅबच्या पायऱ्या चढताना त्याला बघितलंय. झालं! अक्काची झोप उडाली.

मी म्हटलं, "अक्का, ते नाही होत."

"न्हाई होत म्हंजी? बिगाडलाय व्हय?"

"बिघडला नाही. मीच कुलूप लावलंय."

"तूच लावलंयस तर तूच काड की."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. अर्धी किल्ली, नोंद, ती टॉवेलच्या कारखान्यातली बाई, सगळं. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मी म्हटलं, "मुलालाच विचारा. दोघांचीही तपासणी करू दे, एकमेकांना रिपोर्ट दाखवू देत. आजकाल करतात की."

"पोरीकडची मानसं आमी. आसं त्वांडावर इचारल्यावर स्थळ ऱ्हाईल व्हय?" मग तिचा आवाज खाली आला. "तुजी भाची हाय ती, बारके. तुज्या मांडीवर वाढलीया. तिला खड्ड्यात घालू का म्या?"

खरं सांगते, मला बघावंसं वाटलं. डॉक्टरसाहेबांना म्हटलं असतं, "भाचीचं लग्न आहे," तर त्यांनी त्यांची अर्धी किल्ली हसत दिली असती. पाच मिनिटांचं काम. पण माझ्या डोळ्यांसमोरनं ती काउंटरवरची बाई हलेना. तिच्या गल्लीतल्या बायांनाही आपापल्या लेकराबाळांची काळजीच होती की. काळजी कुणाला नसते? आणि एकदा मावशी म्हणून मी कुलूप काढलं की उद्या काउंटरवरची मुलगी नणंद म्हणून काढणार, परवा डॉक्टर मित्र म्हणून. मग कुलूप कशाचं ते!

"नाही होणार, अक्का," मी म्हटलं. "तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नाहीत, ती ओरडली नाही. तिनं कप बाजूला सरकवला. "परक्याचं झाकायलीस," ती म्हणाली, "आन घरच्याला उगडं पाडायलीस. ह्येच्यासाटी शिकीवलं व्हय म्या तुला?" उठली, चप्पल घातली, गेली. चहावर साय धरली. भाकऱ्या तेवढ्या ठेवून गेली, त्या मी पुढं बरेच दिवस पुरवून पुरवून खाल्ल्या.

लग्न ठरलं, झालंही. कुर्डुवाडीच्याच मुलाशी. त्यांनी विचारलं का नाही विचारलं, मला कळलं नाही. तो मुलगा आमच्या लॅबमध्ये कधी आला होता की नव्हता, तेही मला आजतागायत माहीत नाही. पत्रिका फोनवर आली, नुसती, वर एक शब्द नाही. मी वैरागला गेले. मंगल कार्यालयात मावशीला कितीतरी कामं असतात, हळद लावायची, रुखवत मांडायचं, पोरीच्या मागं उभं राहायचं. माझ्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं. मी पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसले, अक्षता टाकल्या. भाची मला बघून हसली, तिचे डोळे भरून आले, तेवढ्यात फोटोवाल्यानं तिला तिकडं वळवलं. पंगतीत अक्का वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "जेवून जावा हां."

जावा! मला! सख्खी बहीण मला अहो-जाहो करून पुढच्या पानाकडं गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच मांडवात तिच्या गळ्यात पडले असते. पण पाहुणीला कसलं गळ्यात पडता येतंय. समोर बुंदी होती, ती मी खाल्ली आणि एसटी धरली.

दिवेलागणीचा फोन तर ती माझ्या घरून गेली त्या दिवसापासूनच बंद होता. पहिले काही दिवस मी फोन हातात धरून बसायचे. मग ओट्यावर ठेवायला लागले. मग दुसऱ्या खोलीत. तुम्ही म्हणाल, तू का नाही लावलास? ताठा, दुसरं काय! आम्ही दोघी एकाच आईच्या. मी मनात म्हणायचे, मी काय चुकीचं केलं? तीही तिकडं तेच म्हणत असणार. आणि दोघी आपापल्या घरात आपापल्या बरोबरपणासकट बसलो होतो. मला एकटं वाटायचं. सणाला तर फारच वाटायचं. पुरणपोळी एकटीसाठी कोण करतं? मी कोपऱ्यावरून विकत आणायचे आणि उभ्याउभ्याच खायचे.

लॅबमध्येही तसंच. मी खोलीत शिरले की बोलणी थांबायची. नोंद सगळ्यांची होते ना, त्यांना वाटायचं मी सदान्‌कदा तीच वाचत बसते. डबा मी सर्व्हरच्या खोलीत खायला लागले. तिथं एसी सतत चालू असतो आणि मशीन घरघरत असतं, म्हणून फार शांत वाटत नाही. एकदा मी त्या मशीनला "जेवलास का?" म्हटलं. मलाच हसू आलं, मग जरा रडूही आलं.

दुपारच्या आधी केंद्रांवरचे डबे यायचे. वैरागचा डबा निळ्या झाकणाचा. तो आला की मी उगीच उठायचे. माझं ते काम नव्हतं, पण मी तो उचलून आत नेऊन द्यायचे. आतल्या नळ्यांवर नुसते पट्टे. कुणाचं रक्त, काय माहीत. आपल्या गावाकडचं कुणीतरी असेल एवढं वाटायचं, त्यावर माझा तो दिवस निघायचा. तेवढंच माहेर उरलं होतं माझं.

असं तीनेक वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, आईला सोलापूरला आणलंय. ये." आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं. काय झालंय ते सांगायला लागली तर तिला बोलताच येईना. रिक्षात बसले तेव्हा लक्षात आलं, डबा अर्धवट उघडा तसाच सर्व्हरवर ठेवून आलेय.

अक्का खिडकीकडच्या कॉटवर होती. मी आधी ओळखलंच नाही. करकचून वेणी घालणारे ते हात चादरीवर पडलेले, नुसती हाडं. दारात भाचीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, रक्ताचा आजार आहे, वर्ष-दीड वर्षापासून आहे. वैरागच्या डॉक्टरांची औषधं चालू होती, पुण्याला दाखवा म्हणत होते ते, पण आईनं कुणाला कळू दिलं नाही, मलासुद्धा परवा कळलं. ताकास तूर लागू दिली नाही. इथले डॉक्टर म्हणाले होते, उशीर झालाय, पण उपचार करू.

मी कॉटजवळ स्टुलावर बसले. काय बोलायचं? इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, आणि तोंडातून आलं काय, तर भांडणच. "वर्ष-दीड वर्ष! मला एक फोन करायला काय झालं होतं गं तुला? मी मेले होते का?"

अक्कानं डोळे उघडले.

"कळीवलं की तुला," ती म्हणाली.

"कधी?"

"दर म्हयन्याला." तिला दम लागत होता. ती थांबून थांबून बोलत होती. "वैरागच्या शेंटरवर जायची म्या. तुज्याच लॅबचं हाय त्ये. दुसरं एक हाय गावात, सवस्तातलं. पर म्या तुज्याकडंच दिलं रगात. म्हटलं, बारकी तितं कम्प्युटरवर बसलीया, नाव बगंल."

मी स्टूल आणखी पुढं ओढलं.

"तितली पोरगी इचारायची, जवळचं मानूस कोन? नाव सांगा. म्या तुजं सांगायची. भन म्हनून. लेकीचं न्हाई, तुजं." ती जराशी हसली. "म्हटलं, दुसऱ्याचं न्हाई बगनार, पर सोताचं नाव तर दिसंल? दिसलं की करंल फोन. मग म्या बी बोलंन. मला काय, आधी फोन करायला लाज वाटायची गं."

तो रकाना. पुण्याचा माणूस नको म्हणत होता, डॉक्टर नको म्हणत होते, आणि मी हट्टानं झाकलेला तो रकाना. पेशंटचा फोन लागला नाही तरच उघडायचा. आणि लॅबमधून केला की अक्काचा फोन तर लागतच असणार, पहिल्या रिंगला उचलत असणार ती. का, ते आता कळत होतं. दर महिन्याला तिनं माझं नाव त्यात घातलं आणि दर महिन्याला माझ्याच कुलपानं त्याची गिचमिड करून ठेवली. निळ्या झाकणाचा डबा मी माझ्या हातांनी आत नेऊन देत होते. त्यात तिचं रक्त होतं.

"अक्का, मला दिसत नाही गं ते," मी म्हटलं. मला हुंदका आवरेना. "मलाच दिसत नाही."

"ठावं हाय." तिनं हात हलवला, मी तो धरला. "पयल्यांदा वाटलं, बगून बी गप बसलीया. लई राग आला. मग चार-पाच म्हयन्यांनी डोस्क्यात उजेड पडला. म्हटलं, आगं, जिला भनीचं नाव दिसंना, तिनं त्या पोराचं तरी कुटनं बगितलं आसतं? खरंच कुलूप हाय त्ये. बारकी खोटं बोलली न्हवती." मग ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तवा फोन करायचा हुता म्या. न्हाई केला. चुकलंच."

चुकलं कुणाचं, हे मी आता शोधत नाही. वर्षभर आधी कळलं असतं तर मी तिला उचलून पुण्याला नेलं असतं, हे खरं. रोज एकदा तरी ते मनात येतं. कुलूप काढशील का म्हणून विचाराल तर नाही काढणार. त्या टॉवेलच्या कारखान्यातल्या बाईचं नाव अजून त्याच डेटाबेसमध्ये आहे आणि ते कुणाला दिसत नाही, हेही खरं आहे. पण माझी अक्का त्यातून मला हाका मारत होती आणि मला ऐकू आलं नाही. दोन्ही खरं घेऊन जगायचं, दुसरं काय करणार मी?

त्या दिवशी मी तिचा हात धरून बसले होते, तेवढ्यात नर्स आली, टॅब घेऊन. तिला भरतीची माहिती पूर्ण करायची होती. भाची डॉक्टरांकडं गेलेली. नर्सनं विचारलं, "पेशंटचे जवळचे नातेवाईक कोण? कुणाचं नाव टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "हिचं टाक. बारकी भन हाय माजी. पर ताई, काय झालं तर हिला त्वांडानं सांगा बरं का. कम्प्युटरातनं हिला कळत न्हाई."

नर्सला काही उमगलं नाही, ती हसली. तिनं माझं नाव घातलं आणि फोन नंबर विचारला. मी सांगायला लागले, पण मला रडू फुटलं आणि मधल्या आकड्यांवर मी अडकले. राहिलेले आकडे अक्कानं सांगितले, डोळे मिटूनच, एकही न चुकता.